आईंचा आषाढ, लखनौचा सावन

अलीगंज, लखनौ
१६ जुलै २०२५

ती. सौ. मंजूताईंना,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नका. फोन आला की तुमच्या मातोश्री स्पीकर लावायला लावतात, आणि आजचा विषय त्याच आहेत. जेवायला हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही, पण त्यांच्याबद्दलची कुजबूज गोमतीच्या पलीकडून ऐकू येते. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

गेल्या आठवड्यात आई महाराष्ट्र मंडळाच्या भजनाहून ई-रिक्षानं परतल्या आणि दोन घरं अलीकडेच उतरल्या. मिश्रांच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी मिश्राइनबाईंनाच जाब विचारला, की आमच्या घराला हा पोपटी रंग कुणी फासला. मिश्राइनबाई भल्या, हात धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, अम्माजी को रंग पसंद नहीं आया. त्याआधी दूध दोनदा जळालं होतं आणि आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. शिवाय आषाढी एकादशीपासून त्यांचा दम जिन्यातच संपतो. विचारलं तर म्हणतात, जिनाच उंच झालाय.

तुमच्या बंधुराजांच्या रेल्वे खात्यात गाडी रुळावरून घसरली की चौकशी समिती बसते. म्हणून काल आईंना गोमती नगरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांच्या आधी एक तरुण मुलगी परीक्षा घेते. तिनं पाच शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले, घड्याळ काढायला लावलं, मग विचारलं, महिना कोणता चालू आहे. आई म्हणाल्या, आषाढ. मुलगी गोड हसून म्हणाली, अम्मा, सावन लग गया, कल ही तो पहला सोमवार था. आई ताठ झाल्या. पहिला सोमवार व्हायला अजून दोन आठवडे आहेत, आणि तुझ्या आईनं तुला महिने शिकवले नाहीत का, असं त्यांनी शुद्ध हिंदीत विचारलं. मुलीनं कागदावर फुली मारली. शेवटी ते पाच शब्द परत विचारले, तेव्हा आई म्हणाल्या, जिला चालू महिना माहीत नाही तिला मी शब्द का सांगू. पुढचं सगळं कोरं.

कागदावर आलंय की स्मृती जाण्याची सुरुवात दिसते, महिन्याभरानं पुन्हा तपासू. रक्तदाबही बराच चढलेला होता. गोळी चालू आहे ना असं डॉक्टरांनी विचारलं, आई हाँ हाँ म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी दाबाचा दोष भांडणावर टाकला.

घरी आल्याबरोबर या बंधुराजांनी, राजेशनी, गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लावली: बिना अनुमति गैस न जलाएँ. स्टेशनात राहिल्यासारखं वाटतंय. महिनाअखेरीस ते आईंचं नाव गोमती नगरच्या एका केंद्रात घालणार आहेत. तिथं रोज दहा ते पाच म्हाताऱ्या माणसांना बसवतात आणि मणी ओवायला देतात. आई पाटीकडे पाहून म्हणाल्या, चूल काढून घेतली की मी या घरात पाहुणी. पाहुण्यानं किती दिवस राहायचं ते तुझ्या खात्याला विचारून सांग.

आणि खरं सांगू? ज्या बाईनं मला वीस वर्षं हरवलं, तिला अशी हरताना मला पाहवत नाही.

तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या. वाढण्याचं काम सध्या आमच्याकडे रक्तदाब करतोय.

तुमची,
सुरुची


मिरज
२१ जुलै २०२५

चि. सौ. सुरुचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग कॅलेंडर पाहिलं आणि इतकी हसले की शेजारची मनीषा विचारायला आली. अगं, आषाढच आहे! त्या मुलीच्या घरी सावन असेल. तिकडे पौर्णिमा संपली की महिना बदलतो, आपल्याकडे अमावास्या संपल्यावर. मधले पंधरा दिवस लखनौत सावन आणि आपल्या भिंतीवर आषाढ. आई चाळीस वर्षं त्या शहरात स्वतःचा महिना सांभाळून आहे, आणि तुम्ही दोघं तिच्या शेजारी बसून तिला फुली मारू दिलीत!

तुला बोलत नाही. तू छावण्यांमध्ये वाढलेली, तुमच्याकडे सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट एवढेच सण. पण राजेश? त्याला मार्च सोडून दुसरा महिना माहीत नसावा हे मला पटतं, म्हणून तर जास्त राग येतो. त्याला सांग, पाटी उतरव. एका गाडीच्या दोन स्टेशनांवर दोन वेळा असतात हे ज्याला कळतं, त्याला एका चंद्राचे दोन महिने कळायला हवेत.

केंद्राचं नाव काढू नकोस. आईला मणी ओवायला दिले तर ती संध्याकाळपर्यंत तिथल्या बाईंनाच ओवेल.

मिश्रांच्या फाटकाचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आणि दमाचंही. ती गोळ्या नीट घेते ना? की तिथंही तिचं वेगळं पंचांग आहे?

लोभ तुझ्यावर आहे, राग राजेशवर. वाटणी बदलू देऊ नकोस.

तुझी,
मंजूताई


अलीगंज, लखनौ
२८ जुलै २०२५

ती. सौ. मंजूताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी राजेशना मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘मार्च’ वगळून. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर धरलं, दोन पौर्णिमा मोजल्या, आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मग बाहेर जाऊन किलोभर जलेबी घेऊन आले. ज्या घरात एकाचा दाब वाढलाय आणि दुसऱ्याचं पोट, तिथं आनंदही किलोनंच साजरा होतो.

रेग्युलेटर परत बसला. पाटी तेवढी राहिली, काढताना रंग निघेल म्हणे. केंद्राला त्यांनी नाही म्हणून कळवलं. नीलमनं कॉलेजातून आल्यावर आजीला विचारलं, दादी, आपने उसको सुना दिया ना? राजेश आता भेटेल त्याला अमावास्या आणि पौर्णिमा समजावून सांगतात. दफ्तरातले लोक त्यांना टाळायला लागलेत.

सगळं छान आहे. फक्त आई गप्प आहेत. जिंकल्यावर आई गप्प बसलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. एरवी लिंबाच्या भावावरून सब्जीवाल्याला हरवलं तर दोन दिवस पुरवून सांगतात. आज आपला पहिला श्रावणी सोमवार, तर मी मुद्दाम म्हटलं, आई, आता तरी दोन्ही महिने जुळले. हसल्या आणि पोथी उलटी धरून बसल्या. पोथी सुलटी करायला मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, मला पाठ आहे.

त्यांची पावलंही सुजलेली दिसतात. राजेशना म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, त्या डॉक्टरला महिना माहीत नाही. मंजूताई, आता आमच्या घरात कुठल्याही दुखण्याला हेच उत्तर आहे.

गोळ्यांचं म्हणाल तर डबी मी बघते. रोज एक कमी होते. आणि त्यांची तुळस काय फोफावलीय म्हणून सांगू!

लोभ ठेवा, आणि रविवारी फोनवर आईंशी जरा भांडा. बऱ्या वाटतील.

तुमची,
सुरुची


श्रावण शुद्ध षष्ठी, लखनौ

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

सुरुची शाळेतून तुला पत्रं लिहिते ते मला माहीत आहे. तिला वाटतं मला माहीत नाही. राहू दे, सुनेला तेवढा आनंद असावा. हे पत्र मात्र एकटीनं वाच.

महिन्यावरून तुम्ही सगळे माझ्या बाजूनं उभे राहिलात, बरं वाटलं. आषाढ खराच होता. पण मंजू, त्या पोरीनं पाच शब्द दिले होते. घड्याळ काढून होईपर्यंत पाचही गेले. एकसुद्धा राहिला नव्हता. ती परत विचारणार हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात तिनं सावन म्हटलं आणि मी ते भांडण दोन्ही हातांनी धरलं. भांडता येतंय तोवर कुणी म्हातारं म्हणत नाही. तुम्ही सगळे आषाढावर इतके खूश झालात की शब्दांचं कुणी विचारलंच नाही.

मला हे चैत्रापासूनच जाणवतंय. नाव जिभेवर येतं आणि दारातून परत जातं. नीलमला मंजू म्हणते, मग हसून साजरं करते. म्हणून यंदा चातुर्मासाचा नेम धरला तो याच्यासाठीच, की देवा, बाकी काही ने, डोकं तेवढं शाबूत ठेव. आता नेमाला आवडती गोष्ट सोडायची असते. कांदा-वांगं तर आपण सोडतोच. गोड डॉक्टरांनी बंद केलंय, तळण राजेशनं, कॉफी सुरुचीनं. देवासाठी सोडायला माझ्याकडे काही शिल्लकच ठेवलं नाही कुणी. रोज नेमानं घेते अशी एक सकाळची गोळी होती. ती सोडली. एकादशीपासून घेतलेली नाही. डबीतून काढते आणि तुळशीच्या कुंडीत पुरते, म्हणजे सुरुचीचा हिशेब चुकत नाही. तुळशीचा रक्तदाब आता अगदी उत्तम असेल.

जिना चढवत नाही. रात्री आडवं पडलं की छातीत चिमणी फडफडल्यासारखं होतं, मग थांबतं. पोथीतली अक्षरं दिसतात पण वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात निघून जाते. नेम फळत नाहीये. पण घेतलेला नेम मोडायचा कसा? आणि मोडला आणि उरलंसुरलं डोकंही गेलं तर?

पाटी अजून दारावर आहे. राजेशला कळलं तर रेग्युलेटर पुन्हा कपाटात जाईल, आणि मी मणी ओवायला. म्हणून तुला एकटीला सांगितलं.

लोभ तू न मागता करतेस. रीत म्हणून मागते, म्हणजे रीतही विसरायला नको.

तुझी,
आई


मिरज
५ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र एकटीनं वाचलं. पण एकटीनं पेलण्यासारखं नव्हतं. हे तुझ्या हातात पडायच्या आधीच मी सुरुचीला शाळेत फोन केलेला असेल, आणि तू डॉक्टरांकडे जाऊन आलेली असशील. रागावशील ते मला चालेल. चिमणीचं ऐकून गप्प बसले असते तर मला माझाच राग आला असता.

आता नेमाचं. मी काल आपल्या गुरुजींकडे गेले. तुझं नाव सांगितलं नाही, एक ओळखीच्या बाई म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, सरलाताई कशा आहेत. असो. गुरुजी म्हणाले, सोडायचं ते जिभेचं सोडावं, औषधाचं नाही. औषध सोडून केलेला नेम देवाच्या दफ्तरी घेतच नाहीत. नेम मोडायचा नाही, बदलून घ्यायचा. तुळशीला पाणी घालून तिला सांगायचं, की चूक वस्तू तुझ्याकडे ठेवली होती, ती परत घेते आणि दुसरी ठेवते. गुरुजींच्या स्वतःच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. सकाळी आधी गोळी घेतात, मग संकल्प सोडतात.

दुसरी वस्तू कोणती ते मी सुचवते. मीठ. तू म्हणालीस सोडायला काही शिल्लक नाही, पण गेली दहा वर्षं डॉक्टर पाया पडतायत आणि तू ताटाच्या डाव्या बाजूचं मीठ हलवू देत नाहीस. पापड, सांडगी मिरची, मी पाठवलेलं कैरीचं लोणचं, आमटीवर वरून भुरभुरायचं ते, सगळं. आवडतं सोडायचं असतं ना? मग याच्याहून आवडतं तुझ्याकडे काय आहे? मीसुद्धा नाही.

आणि तुला मणी ओवायला कुणी पाठवणार नाही. राजेशला मी बघते. तो पन्नाशीचा झाला तरी माझ्या आवाजाला अजून घाबरतो.

शब्द गेले तर जाऊ देत. ते कुठे जातात ते आधी बघू. हे पत्र न रागावता संपवलंस तर लोभ आहे असं समजेन.

तुझी,
मंजू


अलीगंज, लखनौ
२० ऑगस्ट २०२५

ती. सौ. मंजूताईंना,
सा. न. वि. वि.

सविस्तर लिहा म्हणालात, तर लिहिते. तुमचा फोन आला तेव्हा मी सातवीला भूगोल शिकवत होते. तशीच घरी आले आणि आईंना गाडीत घातलं. वाटेत आई म्हणाल्या, मंजूच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, तुमच्याही राहिलं असतं तर बरं झालं असतं, गोळी तरी राहिली असती. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या हसल्या, आणि हसता हसता माझा हात धरून ठेवला.

दाब फारच चढलेला होता. हृदयाचा आलेख काढला, तर ठोका अधूनमधून ताल सोडतोय. तीच ती चिमणी. डॉक्टर म्हणाले, आठवणीचं घोडं एकट्या डोक्यावर अडलेलं नसतं. दाब बेफाम राहिला की बारीक नळ्या आधी खराब होतात, आणि डोक्यात सगळ्या बारीकच नळ्या. राजेशना हे एका क्षणात कळलं. पंपच लहरी असेल तर वरच्या टाकीचा भरवसा नाही, हे अलीगंजमध्ये राहणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. जुनी गोळी चालू झाली, ठोक्यासाठी आणि रक्त न गोठण्यासाठी नव्या आल्या. कुठलीही गोळी मनानं सोडायची नाही, अशी ताकीद तुळशीसकट सगळ्यांना मिळाली.

राजेशना आधी राग आला, मग भीती वाटली. परतल्यावर ते पुन्हा कपाटाकडे वळले होते. तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. ते फक्त हो ताई, हो ताई म्हणत होते, आणि रेग्युलेटर जागच्या जागी राहिला. आता गॅस पेटलेला असताना आईंच्या सोबतीला मी किंवा नीलम असते, एवढंच ठरलंय. आई त्याला सोबत म्हणत नाहीत, आमची शिकाऊ उमेदवारी म्हणतात.

नेम बदलण्याचा सोहळा अंगणात झाला. आईंनी तुळशीला पाणी घातलं आणि मीठ सोडलं. एकट्याच सोडतील तर त्या आई कसल्या? सगळ्या घराचं सोडलं. पाटीचाही निकाल लागला. आईंनी ‘गैस’वर कागद चिकटवून त्यावर ‘नमक’ लिहिलंय, ‘जलाएँ’चं ‘डालें’ केलंय: बिना अनुमति नमक न डालें. अनुमती देणारं कुणी नाही. राजेश दफ्तराच्या कँटीनमध्ये जेवून येतात आणि घरी भूक नाही म्हणतात. मिश्राइनबाई संध्याकाळी आईंना बागेत फिरायला नेतात. जाताना आपलं पोपटी फाटक दाखवतात आणि विचारतात, अम्माजी, ये किसका घर है. आई सांगतात, जिसको रंग की समझ नहीं, उसका.

काल पुन्हा परीक्षा झाली. तीच मुलगी होती. बिचारीनं महिना भीतभीतच विचारला. आई म्हणाल्या, तेरा भादों, मेरा सावन, और तेरे डॉक्टर साहब का अगस्त. मुलीनं पूर्ण गुण दिले, वर मला म्हणाली, आंटी, मैंने भी मम्मी से पूछ लिया था.

मग शब्द आले. आईंनी डोळे मिटले आणि तीन सांगितले: नाव, म्हणजे होडी, कंबल आणि अमरूद. चौथ्यासाठी थांबल्या. मुलीनं खूण दिली, रसोई की चीज़ है. आई डोळे न उघडता म्हणाल्या, नमक. वो तो मालूम था बेटा, पर चौमासे में हमने छोड़ रखा है, मुँह से कैसे लेते. ती मुलगी इतकी हसली की खूण दिल्याचं कागदावर लिहायचंच विसरली. मीच आठवण करून दिली. पाचवा शब्द आला नाही.

डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळेपेक्षा बरंच बरं आहे. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही; हृदय सांभाळलं तर आहे ते बरेच दिवस टिकेल. राजेशनी हे वाक्य तीनदा म्हणवून घेतलं.

आईंना नमक खरंच आठवत होतं की खूण मिळाल्यावर सुचलं, हे मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

लोभात मीठ कमी पडलं असेल तर घरचा नियम समजून चालवून घ्या.

तुमची,
सुरुची


श्रावण अमावास्या, लखनौ

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड उघडं आहे, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

सुरुचीनं तुला नमकचं लिहिलं असेल. विचारायला ती भ्यायली, म्हणून तुला सांगते. ते मला आठवलं नव्हतं. त्या पोरीनं रसोई म्हटलं तेव्हा आठवलं. पण सबब माझी स्वतःची होती, जागच्या जागी सुचलेली, कुणी खूण दिली नव्हती. त्या सबबीचे गुण कागदावर कुठे धरतात ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

पाचवा गेला तो गेला. त्याच्यामागे जात नाही.

सकाळची गोळी घेतली. सुरुची समोर उभी राहते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला तोंड उघडायला सांगितलं, म्हणून मीही दाखवते.

डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. लोभाचं ते काही बोलले नाहीत, तेव्हा तो भरपूर पाठवावा.

तुझी,
आई